परदेशांतील आरोपी आणि आपली वकिलात



१७ जुलै २०१९ ची संध्याकाळ मला चांगली आठवते. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणीं भारताच्या बाजूनें निकाल दिल्याची बातमी आली, आणि आमच्या आळींत कोणीं तरी पेढे वांटले. माझ्या शेजारीं एक वृद्ध बाई राहत असत. त्यांचा नातू नुकताच आखातांत नोकरीवर गेला होता. पेढा तसाच हातांत धरून त्या मला म्हणाल्या, "मास्तर, खटला जिंकला म्हणतात सगळे. मग तो मुलगा घरीं केव्हां येणार?"

मी पडलों शाळामास्तर. मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत माझा सारा जन्म गेला. परंतु या प्रश्नाला मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. "पाहूं या, काकू," असें कांहीं तरी बोलून मीं वेळ मारून नेली. पुढें तो निकाल, त्याच्या मागचा करार आणि त्यापूर्वींचे तसलेच खटले, यांविषयीं मिळेल तें वाचलें. मी कांहीं कायदेपंडित नव्हें. पण ज्यांच्या घरचीं मुलें आज दुबईस, दोह्यास, लंडनला किंवा अमेरिकेंत आहेत, त्यांना उपयोगी पडेल असें जें मला समजलें, तें आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. प्रश्न असा, कीं आपल्या देशाच्या माणसावर परदेशांत खून, हेरगिरी यांसारख्या गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर तेथील आपली वकिलात त्याच्यासाठीं काय करूं शकते, आणि काय करूं शकत नाहीं?

प्रथम आपल्या भाषेंतील एका शब्दाकडे पाहूं. परराज्यांत असलेल्या आपल्या सरकारच्या कचेरीस आपण मराठींत 'वकिलात' म्हणतों. हा शब्द जुना आहे. पेशवाईंत एका दरबारानें दुसऱ्या दरबारीं ठेवलेल्या प्रतिनिधीला वकील म्हणत. दिल्लीस हिंगणे, निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे, हे पेशव्यांचे वकील होते. धन्याचें म्हणणें मांडावें आणि तेथली बित्तंबातमी धन्यास कळवावी, हें त्यांचें काम. पुढें इंग्रजी अंमल आला, कोर्टकचेऱ्या आल्या, आणि या शब्दाचा दुसरा अर्थ घरोघर रूढ झाला. आज वकील म्हटलें कीं काळा डगला डोळ्यांपुढें येतो. सामान्य माणसाची फसगत होते ती येथेंच. वकिलात म्हणजे आरोपीचा वकील नव्हे. ती न्यायाधीशहि नव्हे. आणि तुरुंगाच्या चाव्याहि तिच्या कमरेला नसतात.

दुसरी एक समजूत अशी असते, कीं राजदूताला जें अभय असतें त्याची थोडीफार सावली आपल्यावरहि पडत असावी. तसें नाहीं. राजदूतास अटक करतां येत नाहीं, हा नियम १९६१ सालीं व्हिएन्ना येथें झालेल्या राजनैतिक संबंधांच्या करारांत लिहिलेला आहे. पण तें अभय राजदूताचें आणि त्याच्या अधिकाऱ्यांचें. तुम्ही आम्ही परदेशीं पाऊल ठेवलें, कीं तेथला कायदा आपल्याला पूर्णपणें लागू होतो. वकिलातीची इमारत म्हणजे आपल्या देशाची भूमि, हेंहि खरें नाहीं. ती जमीन त्याच देशाची असते. परवानगीवांचून तेथील पोलिसांनीं आंत शिरावयाचें नाहीं, एवढाच तिचा मान.

मग आपल्यासारख्या साध्या माणसाला आधार कशाचा? तो आधार दुसऱ्या करारांत आहे. तोहि व्हिएन्ना येथेंच, २४ एप्रिल १९६३ रोजीं झाला आणि १९ मार्च १९६७ पासून अंमलांत आला. भारत त्यांत १९७७ सालीं सामील झाला. राजदूत हा राज्याशीं राज्याचा व्यवहार पाहतो. त्या राज्यांत राहणाऱ्या आपल्या माणसांची विचारपूस करणारा जो अधिकारी, त्याला कॉन्सल म्हणतात. आपल्याकडे त्यालाच वाणिज्यदूत असें नांव आहे. पासपोर्ट हरवला, माणूस वारला, बोटीवरचा खलाशी अडकून पडला, कीं धांवावयाचें तें याच्याकडे. १९६३ चा करार या कॉन्सलविषयींचा आहे.

त्याचें छत्तिसावें कलम हेंच आजच्या विषयाचें बीज होय. त्यांत तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, परक्या देशाच्या माणसास पकडलें म्हणजे, 'तुझ्या देशाच्या कॉन्सलास कळविण्याचा तुला हक्क आहे,' हें त्याला विनाविलंब सांगितलें पाहिजे. दुसरी, त्यानें तशी इच्छा दर्शविल्यास ती वर्दी कॉन्सलच्या कचेरींत विनाविलंब पोंचविली पाहिजे, आणि त्यानें कॉन्सलास लिहिलेलें पत्र अडवून ठेवतां कामा नये. तिसरी, कॉन्सलास त्या कैद्याला भेटण्याचा, त्याच्याशीं बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठीं वकील मिळवून देण्याचा हक्क आहे. कैद्यानेंच 'मला ही मदत नको' असें स्पष्ट सांगितलें, तर मात्र कॉन्सलनें मध्यें पडूं नये.

हें ऐकून कोणास वाटेल, कीं यांत मोठें तें काय? कॉन्सल आला आणि भेटून गेला, म्हणून खुनाचा आरोप थोडाच पुसला जाणार? याचें उत्तर मी माझ्या धंद्यांतल्या एका अनुभवानें देतों. शाळेंत एखाद्या मुलावर चोरीचा आळ आला, कीं त्याला मुख्याध्यापकांच्या खोलींत उभें करीत. तो तेथें एकटा असला, म्हणजे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट घडे. तो तोंडच उघडत नसे, किंवा जें विचारावें त्याला 'होय' म्हणून सुटका करून घेई. पण त्याचा बाप किंवा मामा येऊन दाराशीं उभा राहिला, कीं खोलींतलें वारें बदले. बाप एक शब्दहि बोलत नसे. तरी विचारणाऱ्यांचा आवाज खालीं येई, आणि मुलगा सलग वाक्यांत बोलूं लागे. मुलगा दोषी असला तर तो दोषीच ठरे. परंतु झालेल्या चौकशीला चौकशी म्हणतां येई.

कॉन्सल हा परक्या मुलखांतल्या कैद्याचा तसा दाराशीं उभा राहणारा माणूस आहे. कैद्याला तेथली भाषा येत नाहीं. ज्या कागदावर सही मागतात तो त्याला वाचतां येत नाहीं. तेथें कबुलीजबाबाला किती वजन असतें, वकील कोण देतो, अपील किती दिवसांत करावें लागतें, यांतलें कांहींच त्याला ठाऊक नसतें. घरच्यांना तर तो जिवंत आहे कीं नाहीं, एवढेंहि कळत नाहीं. कॉन्सल या प्रत्येक गोष्टींत हात देऊं शकतो. शिवाय शिक्षा सौम्य करण्यास उपयोगी पडेल असा पुरावा, म्हणजे त्याचें बालपण, आजार, घरची स्थिति, हा पुष्कळदां मायदेशींच असतो. आणि तो गोळा करून आणणें तुरुंगांतल्या माणसाच्या आवांक्यांतलें नसतें.

हें न झाल्यास काय होतें, त्याचें एक उदाहरण सांगतों. कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड हे दोघे भाऊ जर्मनींत जन्मले आणि १९६७ सालीं, अगदीं लहानपणीं, अमेरिकेंत गेले. ते वाढले अमेरिकन म्हणून, बोलत इंग्रजी. पण कागदोपत्रीं ते जर्मन नागरिकच राहिले. ७ जानेवारी १९८२ रोजीं ॲरिझोना संस्थानांतील माराना गांवीं त्यांनीं बँक लुटण्याचा प्रयत्न केला. त्यांत बँकेचा व्यवस्थापक मारला गेला आणि दुसरी एक नोकर बाई जखमी झाली. गुन्हा घोर होता यांत संशय नाहीं. १९८४ सालीं दोघांनाहि देहान्ताची शिक्षा झाली. मात्र 'जर्मन कॉन्सलास कळविण्याचा तुम्हांला हक्क आहे,' हें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं. तें त्यांना १९९२ सालीं कळलें, आणि तेंहि तुरुंगांतल्या दुसऱ्या कैद्यांकडून. सरकारनें त्यांना रीतसर सांगितलें तें १९९८ च्या डिसेंबरांत.

१९९२ नंतर जर्मन कॉन्सलनें धांवपळ केली. भावांनीं कोर्टांत हा मुद्दा काढला. तेव्हां तेथील कोर्टांनीं सांगितलें, कीं हा आक्षेप पहिल्या खटल्याच्या वेळींच घ्यावयास हवा होता. आतां वेळ टळली. म्हणजे ज्या हक्काची माहितीच दिली नाहीं, तो हक्क वेळेवर कां मागितला नाहीं, असा हा उलट सवाल! २४ फेब्रुवारी १९९९ रोजीं कार्लला मृत्युदंड देण्यांत आला. वॉल्टरसाठीं जर्मनीनें २ मार्चला हेगच्या न्यायालयाकडे धांव घेतली. तें न्यायालय सावकाश चालणारें. पण त्या वेळीं त्यानें दुसऱ्याच दिवशीं आज्ञा दिली, कीं आमचा निर्णय होईपर्यंत या माणसास मारूं नये. त्याच दिवशीं, ३ मार्चला, ॲरिझोनांत वॉल्टरला मारण्यांत आलें.

खटला मात्र पुढें चालला. २७ जून २००१ रोजीं हेगच्या न्यायालयानें दोन महत्त्वाच्या गोष्टी ठरविल्या. एक, छत्तिसाव्या कलमांतला हक्क हा केवळ एका राज्याचा दुसऱ्या राज्यावरचा हक्क नव्हे; तो त्या कैद्याचा स्वतःचाहि हक्क आहे. दोन, न्यायालयानें मध्यंतरीं दिलेली थांबण्याची आज्ञा ही विनंति नसून बंधनकारक आहे. अमेरिकेनें झाल्या चुकीबद्दल जर्मनीची माफी मागितली होती. न्यायालय म्हणालें, ज्या प्रकरणांत इतकी कठोर शिक्षा झाली आहे, तेथें केवळ माफी पुरेशी नाहीं. लाग्रँड बंधूंना याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. तो त्यांच्या मागून येणाऱ्यांना व्हावयाचा होता.

मागून आले ते मेक्सिकोचे लोक. अमेरिकेंतील निरनिराळ्या संस्थानांत देहान्ताची शिक्षा झालेल्या आपल्या ५४ नागरिकांविषयीं मेक्सिकोनें जानेवारी २००३ मध्यें हेगला दावा लावला. ३१ मार्च २००४ च्या निकालांत ५१ जणांच्या बाबतींत कराराचा भंग झाल्याचें ठरलें, आणि त्यांच्या खटल्यांचा पुनर्विचार करावा असें अमेरिकेस सांगण्यांत आलें. 'विनाविलंब' या शब्दाचा अर्थहि न्यायालयानें केला. पकडलेला मनुष्य परका आहे असें कळतांच, किंवा तसें मानण्यास कारण दिसतांच, त्याला हा हक्क सांगितला पाहिजे.

यानंतर काय झालें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. या यादींतल्या एका कैद्याची शिक्षा ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनीं मे २००४ मध्यें बदलून जन्मठेपेची केली. उलट टेक्सस संस्थानांतील मेडेलिन नांवाच्या कैद्याचें प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. दोन कोवळ्या मुलींच्या निर्घृण हत्येबद्दल तो शिक्षा भोगीत होता. हेगचा निकाल पाळावा, असें खुद्द अध्यक्ष बुश यांनीं संस्थानांच्या कोर्टांना कळविलें होतें. २५ मार्च २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें, कीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें तसा कायदा केल्यावांचून हा निकाल संस्थानांच्या कोर्टांवर बंधनकारक होत नाहीं, आणि अध्यक्षांनाहि तो एकट्याच्या हुकमानें तसा करतां येत नाहीं. ५ ऑगस्ट २००८ रोजीं मेडेलिनला मृत्युदंड देण्यांत आला. एकच निकाल, एका संस्थानांत त्यानें जीव वांचला, दुसऱ्यांत वांचला नाहीं. हेगच्या न्यायालयापाशीं पोलीस नाहींत कीं फौज नाहीं. ज्या राज्याविरुद्ध निकाल लागला, त्या राज्याच्याच हातून तो अंमलांत यावा लागतो.

आणि हीच अमेरिका, १९७९ सालीं तेहरानांत तिचे वकील व नागरिक ओलीस धरले गेले तेव्हां, याच कराराचा आधार घेऊन याच न्यायालयाच्या दारीं गेली होती! मेक्सिकोच्या दाव्यानंतर मात्र मार्च २००५ मध्यें तिनें असे तंटे हेगला नेण्याचा जो जोडकरार आहे, त्यांतून आपलें अंग काढून घेतलें.

आतां आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळूं. कुलभूषण जाधव हे मूळचे सांगलीकडचे, मुंबईंत वाढलेले, नौदलांतील अधिकारी. ३ मार्च २०१६ रोजीं बलुचिस्तानांत हेरगिरी करतांना आम्हीं त्यांना पकडलें, असें पाकिस्तान म्हणतें. नौदलांतून निवृत्त होऊन ते इराणांत व्यापार करीत होते, तेथून त्यांना पळवून नेलें, असें भारत म्हणतो. पाकिस्ताननें भारतास ही बातमी कळविली ती २५ मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांनीं. तेव्हांपासून भारतानें त्यांची भेट वारंवार मागितली. ती मिळाली नाहीं. मार्च २०१७ मध्यें पाकिस्ताननें कळविलें, कीं तपासांत तुम्ही काय साहाय्य देतां तें पाहून भेटीचा विचार करूं. १० एप्रिल २०१७ रोजीं लष्करी न्यायालयानें त्यांना देहान्ताची शिक्षा दिल्याचें जाहीर झालें.

भारत ८ मे रोजीं हेगला गेला आणि १८ मे रोजीं शिक्षा थांबविण्याची आज्ञा घेऊन आला. लाग्रँड खटल्यांत जें ठरलें होतें त्याचें मोल आपल्याला येथें कळतें. अशी आज्ञा बंधनकारक असते, हें तोंवर निर्विवाद झालेलें होतें. भारताची बाजू मांडली ती नागपुरांत वाढलेल्या हरीश साळवे यांनीं, आणि त्यांनीं मेहनताना घेतला एक रुपया.

मध्यंतरीं, २५ डिसेंबर २०१७ रोजीं, जाधवांच्या आई आणि पत्नी यांना इस्लामाबादेस त्यांची भेट मिळाली. मध्यें कांच होती आणि बोलणें यंत्रांतून. दुसऱ्या दिवशीं भारताच्या परराष्ट्रखात्यानें जें निवेदन काढलें, त्यांत म्हटलें होतें, कीं दोघींना मंगळसूत्र, बांगड्या आणि कुंकवाची टिकली काढावयास लावलें, आणि आईला मुलाशीं मातृभाषेंत बोलूं दिलें नाहीं. ती मराठींत बोलूं लागली कीं तिला अडवीत, आणि शेवटीं तिचें तें बोलणें बंदच केलें. तें वाचून माझ्या शेजारच्या त्या काकू म्हणाल्या होत्या, "अहो, मग बोलायचं तरी कसं?" कॉन्सलच्या भेटीचा हक्क कशासाठीं हवा, याचें यापरतें बोलकें उत्तर मला सांपडलेलें नाहीं. जेथें आईलाहि आपल्या भाषेंत बोलतां येत नाहीं, तेथें आपल्या भाषेंत विचारणारा आणि ऐकून घेणारा अधिकाराचा मनुष्य हवा.

१७ जुलै २०१९ रोजीं निकाल लागला तो पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीं. हेरगिरीचा आरोप असला म्हणून छत्तिसावें कलम लागू पडत नाहीं, हें पाकिस्तानचें म्हणणें न्यायालयानें मानलें नाहीं. २००८ सालीं उभय देशांत कैद्यांच्या भेटीविषयीं निराळा करार झाला होता, त्यानें मूळ हक्क कमी होतो, हेंहि मानलें नाहीं. भारतानें तपासांत मदत केली वा न केली, त्यावर भेट अवलंबून ठेवतां येत नाहीं, असें स्पष्ट केलें. जाधवांना त्यांचा हक्क सांगितला नाहीं, भारतास वेळेवर कळविलें नाहीं आणि भेट दिली नाहीं, असे तीन दोष पाकिस्तानच्या पदरीं बांधले. आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, तोंवर ती अंमलांत आणूं नये, असें फर्माविलें.

पण भारतानें आणखीहि मागितलें होतें. लष्करी न्यायालयाचा निकाल रद्द करावा, जाधवांना सोडून द्यावें आणि सुखरूप भारतांत पोंचवावें, ही ती मागणी. ती न्यायालयानें मान्य केली नाहीं. जाधव दोषी कीं निर्दोष, हा प्रश्न त्याच्यापुढें नव्हताच. ज्या रीतीनें खटला चालावयास हवा होता ती रीत मोडली, एवढेंच त्यानें पाहिलें. पुढें २ सप्टेंबर २०१९ रोजीं भारताच्या अधिकाऱ्यास जाधवांची पहिली भेट मिळाली, म्हणजे अटकेनंतर सुमारें साडेतीन वर्षांनीं. १६ जुलै २०२० ला दुसरी भेट झाली; ती मोकळेपणानें होऊं दिली नाहीं, अशी भारताची तक्रार होती. फेरविचाराचा मार्ग म्हणून पाकिस्ताननें २०२० सालीं वटहुकूम आणि २०२१ सालीं कायदा केला. आळींत पेढे वांटले गेले त्या दिवशीं आपण जिंकलों होतों, तो एक जीव वांचविण्याचा वेळ आणि एक उघडलेला दरवाजा. सुटका जिंकलों नव्हतों.

येथें मला एक कडू गोष्ट सांगणें भाग आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसें मारलीं गेलीं, आणि हल्लेखोरांपैकीं कसाब हा एकटा जिवंत हातीं लागला. त्यानें आपल्या देशाच्या वकिलातीकडे कायद्याची मदत मागणारें पत्र लिहिलें. तें पत्र त्याच डिसेंबरांत भारत सरकारनें पाकिस्तानी वकिलातीच्या हवालीं केलें. त्याच्यासाठीं न्यायालयानें वकील नेमले. खालपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सुनावणी झाली. आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं पुण्यास येरवड्याच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. त्या काळीं आमच्या शिक्षकांच्या खोलींत रोज वाद होई, कीं अशा माणसाचे हे लाड कशाला? मीहि वाद घालणाऱ्यांपैकींच होतों. जाधवांचें प्रकरण वाचल्यावर माझें मत बदललें. कसाब आणि जाधव यांची तुलना मी करीत नाहीं. ती होऊंच शकत नाहीं. पण हा हक्क माणसाच्या चांगुलपणाबद्दल मिळणारें बक्षीस नव्हे. आपण तो मुंबईंत नाकारला असता, तर इस्लामाबादेंत तो कोणत्या तोंडानें मागितला असता?

आणखी एक प्रकरण याच मासल्याचें. १५ फेब्रुवारी २०१२ रोजीं केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या इटालियन जहाजावरील दोन नौसैनिकांच्या गोळ्यांनीं आपले दोन कोळी मारले गेले. तेव्हां कॉन्सलच्या भूमिकेंत होता इटली. पुढें मतदानासाठीं त्या दोघांना चार आठवडे मायदेशीं जाऊं द्यावें, म्हणून इटलीच्या राजदूतानें त्यांच्या परतीची हमी आपल्या सर्वोच्च न्यायालयास प्रतिज्ञापत्रावर दिली. ते गेले, आणि ११ मार्च २०१३ रोजीं इटलीनें कळविलें कीं ते परत येणार नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें राजदूतासच देश सोडूं नये अशी आज्ञा केली. राजदूताचें अभय मोठें, कीं त्यानें दिलेला शब्द मोठा, असा पेंच उभा राहिला. २२ मार्चला ते सैनिक परतले म्हणून तो तेवढ्यावर मिटला. शेवटीं २०२० सालीं आंतरराष्ट्रीय लवादानें ठरविलें, कीं त्या सैनिकांवर भारतांत खटला चालणार नाहीं, पण भारतास भरपाई मिळावी. दहा कोटी रुपये भरल्यावर जून २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें येथील खटला बंद केला. आपल्या आरोपीमागें उभें राहणें हा प्रत्येक वकिलातीचा धर्म. पण तें करतांना शब्द मोडला, तर पुढच्या आरोपीच्या वेळीं त्या वकिलातीचें कोणी ऐकणार नाहीं.

सगळींच प्रकरणें हेगला जातात असें नाहीं. कतारमध्यें आपल्या नौदलांतील आठ माजी लोकांना ऑक्टोबर २०२३ मध्यें देहान्ताची शिक्षा झाली. डिसेंबरांत तेथल्याच वरिष्ठ न्यायालयानें ती बदलली. आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजीं आठहि जण सुटल्याचें व त्यांतले सात भारतांत पोंचल्याचें सरकारनें जाहीर केलें. तेथें अपील, वकिलातीच्या भेटी आणि दोन राज्यांतील वरिष्ठांचें बोलणें, या तिन्ही गोष्टी चालू होत्या. मात्र अशी सुटका हा त्या राज्याच्या मर्जीचा भाग असतो. तो कोणाचा हक्क नव्हे. हक्क आहे तो भेटीचा आणि वकिलाचा.

आतां घरोघर उपयोगी पडेल असें थोडेंसें सांगतों. मुलगा परदेशीं निघाला, कीं त्या देशांतल्या आपल्या वकिलातीचा पत्ता आणि दूरध्वनि त्याच्याजवळ कागदावर लिहून द्या. पोलीस पकडतात तेव्हां यंत्र पहिल्यानें काढून घेतात. त्याला एक वाक्य पाठ करवा: "मी भारताचा नागरिक आहें, माझ्या वकिलातीला कळवा." हें मागितल्यावांचून बहुधा घडत नाहीं, कारण वर्दी जावयाची ती कैद्याच्या इच्छेनें. जो कागद वाचतां येत नाहीं त्यावर सही करूं नकोस, हेंहि बजावा. घरच्यांना बातमी कळली तर त्यांनींहि वकिलातीस आणि येथील परराष्ट्रखात्यास लेखी कळवावें. सरकारनें २०१५ सालीं त्यासाठीं 'मदद' नांवाची सोय केली आहे. वकिलातींतून २००९ पासून एक कल्याणनिधि चालतो. खरोखर गरजू माणसास वकिलाच्या खर्चासाठीं त्यांतून मदत होऊं शकते. शिक्षा कायम झाली, तरी ज्या देशांशीं आपला तसा करार आहे, तेथील कैद्यास उरलेली शिक्षा मायदेशीं भोगण्यासाठीं २००३ च्या कायद्यानें आणतां येतें. देहान्ताच्या शिक्षेस मात्र तो लागू नाहीं.

त्याबरोबरच काय मागूं नये, तेंहि समजून घ्या. कॉन्सल तुमच्या मुलाचा दंड भरणार नाहीं, न्यायाधीशाला भेटणार नाहीं, 'हा निर्दोष आहे' अशी ग्वाहीहि देणार नाहीं. त्या देशाचा कायदा पाळणें आणि त्याच्या कारभारांत ढवळाढवळ न करणें, हें त्याच्यावर त्याच करारानें घातलेलें बंधन आहे. म्हणून तो कमी पडला असें रागानें म्हणण्यापूर्वीं, तो भेटला काय, वकील दिला काय, खटल्याच्या वेळीं हजर राहिला काय, हें विचारा. हें त्यानें केलें नसेल, तर मात्र अवश्य रागवा. तो राग रास्त आहे.

त्या काकूंना मीं पुढें आठवड्याभरानें उत्तर दिलें. म्हटलें, "काकू, तो घरीं केव्हां येईल हें न्यायालयानें सांगितलेलं नाहीं. त्याला आपल्या माणसाला भेटूं द्या आणि त्याचं म्हणणं पुन्हां ऐका, एवढंच सांगितलंय." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आंत जाऊन एक कागद आणि पेन्सिल घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमचा मुलगा आहे तिथल्या कचेरीचा नंबर मला लिहून द्या. मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे मला फोनवर त्याला सांगतां येईल."

मीं तो लिहून दिला. आपणहि तसाच एक कागद आज लिहावा, एवढें सुचवून मी आपली रजा घेतों.